टपरीच्या तेलातलं घरचं मंचुरियन

मंडळी, दुपारपासून मळमळतंय. लिहून मोकळा होतो.

पुतणी नुकतीच टायफॉइडमधून उठली. डॉक्टर म्हणाले, सगळं खा, फक्त बाहेरचं नको. तिला हवं मंचुरियन. म्हणून आज अष्टमीला भावाकडे घरीच बेत ठरला. कोबी मी किसला.

वहिनीने किटलीतून कढईत तेल ओतलं. काळं, दाट, वर जळके कण तरंगणारं. वासानेच मी मागे सरलो.

“वहिनी, हे कसलं तेल?”

“पुलाजवळच्या चायनीजच्या गाडीवरनं मागून आणलं. त्याशिवाय ती चव येत नाय, भावजी.”

“अहो, बाहेरचं बंद आहे ना तिला?”

“मग घरीच करतेय की!”

मी किटली मोरीत उपडी केली. तळातून तेलात तळलेलं झुरळ निघालं. वहिनी तोंडाला पदर लावून परसात पळाली.

कढईतलंही ओतून दिलं, कढई घासली, नवं तेल घातलं, मंचुरियन मीच तळलं. पुतणीने एक तोंडात टाकलं आणि नाक मुरडलं.

“छान आहे काका, पण घरच्यासारखं लागतंय.”

झुरळापेक्षा हे वाक्य जास्त ढवळतंय. तुमच्या घरी ‘घरच्यासारखं’ ही तक्रार कधीपासून झाली?