प्रस्थानाच्या गाठोड्यातला शर्ट

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई आहे. स्लाइडवर जे दिसतं तेवढंच खरं, यावर माझा पगार चालतो. नाशिकला माहेरी भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जायचे. या सदरातले अनुभवही मी इतकी वर्षं हसण्यासाठीच वाचत आले... रागावू नका. आता हसायची पाळी तुमची.

आम्ही लखनौला गोमती नगरमध्ये राहतो. नवरा संदीप रेल्वेत इंजिनिअर, मूळचा वर्ध्याचा. इरा चौथीत आणि ओजस सिनिअर केजीत. दोघांना मराठी नीट कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. आणि सासूबाई, म्हणजे आई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या आमच्याकडेच असतात.

आईंची थोरली बहीण माई वर्ध्याला. दोघींची आई लहानपणीच गेल्यामुळे धाकट्या शकूला, म्हणजे आमच्या आईंना, माईंनीच आईसारखं वाढवलं होतं. माझ्या बाबतीतही तेच म्हणायला हवं. इराच्या वेळी त्या लखनौला येऊन राहिल्या होत्या. बाळाला तेल लावायच्या, मला डिंकाचे लाडू बळेबळे खायला घालायच्या, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या कपड्यांची तुटलेली बटणं लावत बसायच्या. मला सुई धरता येत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "मायक्रोस्कोपात किडे दिसतात, सुईचं नेढं दिसत नाही!" म्हणून चिडवायच्या.

तर अशा माई गेल्या वर्षभरात अंथरुणाला खिळल्या आणि हळूहळू विसरू लागल्या. कधी ओळखायच्या, कधी नाही. मे महिन्यात आई एक दिवस मला म्हणाल्या, "मेघा, तिला मी ओळखू येते तोवर मला एकदा ने. नंतर नेलंस तर नुसतं बघणं होईल, भेट नाही होणार."

त्याच दिवशी मी प्लॅनिंगला बसले.

ट्रेन नको, असं ठरलं. आईंना मध्येमध्ये पाय सोडून बसायला हवं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रेल्वेवाल्याच्या घरातसुद्धा वेटिंग लिस्ट काही हलत नाही. म्हणून गाडीनं जायचं. जूनमध्ये बुंदेलखंडातून दिवसा मुलांना न्यायचं म्हणजे त्यांना तव्यावर टाकण्यासारखं आहे, त्यामुळे संध्याकाळी निघायचं, रात्रभर जायचं आणि सकाळी वर्ध्यात पोचायचं. मागच्या सीटपुढच्या खाचेत गादी, ओकारीच्या पिशव्या, आईंसाठी स्वच्छ बाथरूमवाले ढाबे... मी सगळं ठरवत होते. माईंसाठी मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटीसुद्धा सांगून ठेवली.

एकच अडचण होती. संदीपची सुट्टी शनिवारपासून आणि आईंच्या पंचांगात चांगला दिवस गुरुवार. शनिवारी म्हणे काहीतरी वाईट योग होता.

"मग गुरुवारी प्रस्थान ठेवू," आई म्हणाल्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुहूर्तावर निघता येत नसेल, तर जाणाऱ्यांचा एकेक कपडा, थोडे तांदूळ, हळकुंड, सुपारी असं गाठोडं बांधून, जायचं त्या दिशेच्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की प्रवास सुरू झाला. तुम्ही मागाहून सवडीनं निघा, जाताना गाठोडं उचला. मात्र ते परत आपल्या घरात आणायचं नाही. एकदा निघालो म्हणजे निघालो.

इरानं मोबाइलवर कंपास लावला आणि दक्षिणेला शेजारच्या नसरीन बाजींचा फ्लॅट निघाला. आईंनी आपली पोपटी साडी दिली, इराचा नवा फ्रॉक काढला, संदीपचा एक रुमाल घेतला. ओजसचा कपडा द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी त्याचा एक जुना निळा शर्ट उचलला, गळ्याचं बटण तुटलेला. मनात म्हटलं, गाठोड्यात कोण बघतंय! घडी घालून पार खाली सरकवला.

"आणि तुझं?" आईंनी विचारलं.

"माझं राहू द्या हो. मी कुठे मानते असलं."

आईंनी गाठ मारली.

नसरीन बाजींनी मात्र दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं. "अरे, इसमें पूछना क्या? हमारे यहाँ भी मुसाफ़िर के बाज़ू पर इमाम ज़ामिन का सिक्का बाँधते हैं, आपके यहाँ गठरी सही। अमानत है, अलमारी में ताला लगाकर रखेंगे।" आणि खरोखरच आमच्यासमोर कपाटाला कुलूप लावलं.

आता ती गुरुवारची दुपार.

बाहेर लू, म्हणजे इकडचा पोळणारा वारा, सुटली होती. कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता, पडदे ओढलेले, खोलीत हिरवट अंधार. आई दुपारी कधी झोपत नाहीत, पण त्या दिवशी जेवल्या-जेवल्या आडव्या झाल्या. मुलं त्यांच्या दोन बाजूंना. मी सुट्टी घेतली होती, पलंगाच्या कडेला बसून फोनवर रस्ता बघत होते... कानपूर, हमीरपूर, महोबा, छतरपूर, सागर... आणि कूलरचा आवाज कधी टायरचा झाला ते मला समजलं नाही.

रस्ता ओला होता. दोन्ही बाजूंना सागाची झाडं सावकाश मागे जात होती, मोठमोठी पानं काचेला हळूच लागत होती. गाडी कोण चालवत होतं ते दिसलं नाही आणि बघावंसंही वाटलं नाही. आईंच्या अंगावर पोपटी साडी होती, ओजस त्यांच्या मांडीवर, इरा खिडकीतून हात बाहेर काढून वारा धरत होती. मी तिला रागावलेसुद्धा नाही! इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग माईंचं घर आलं, दारातला कडुलिंब, पायरीवर पडलेली त्याची बारीक पांढरी फुलं. सगळे उतरले. संदीपही उतरला. मी दाराचा खटका ओढत राहिले, पण माझ्या बाजूचं दार उघडेना. घाबरले मात्र नाही. काचेतून बघत राहिले, ते सगळे आत गेले आणि मी गाडीतच.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ओजस माझ्याआधी उठून पलंगावर बसला होता. हनुवटी वर, मान ताठ, हात पायांशी चिकटवलेले. फोटो काढून घेताना बसतात तसा.

"काय रे, असा काय बसलास?"

"हिलना मना है," तो ओठ न हलवता म्हणाला. मग जरा वेळानं सैल झाला आणि डोळे चोळत विचारलं, "मम्मा, हम वापस कब आए?"

इरा आळस देत म्हणाली, "मुझे भी सपना आया यार, हम गाड़ी में थे।" मी म्हटलं, दिवसभर आपण ट्रिपचंच बोलतोय, दुसरं काय येणार स्वप्नात. तेवढ्यात आई उठल्या, आणि भिंतीला धरत सरळ बाथरूममध्ये जाऊन पायांवर पाणी घेतलं. प्रवासातून आल्यावर घेतात तसं. मी विचारलं तर हसल्या फक्त.

संध्याकाळी वर्ध्याहून सुनीता वहिनींचा फोन आला. म्हणजे माईंची सून, त्यांच्या दिलीपची बायको. मी स्पीकर लावला.

"मावशी, आज माई एकदम खुशीत हायेत! दुपारपासून सांगून राह्यल्या, शकू आली होती, पोट्टे आले होते. संदीप नुसता घाम पुसत उभा होता म्हणे. म्या म्हटलं, अवो माई, ते तर रविवारी येणार हायेत. ऐकतच नाहीत! म्हणे, लखनौचे आंबे आणतो म्हणाली अन् रिकाम्या हातानं आली."

आम्ही हसलो. आईसुद्धा.

"आणि ओजसवरून तर लय चिडल्या. म्हणे, पोट्ट्याच्या सदऱ्याले गळ्याशी बटन नाही, अन् सुनेचं लक्ष कुठी असते? ती तर आतही नाही आली म्हणे, गाडीतच बसून राह्यली."

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. तो शर्ट मी कुणाला दाखवला नव्हता. गाठोडं कुलपात होतं. आणि गाडीत बसून राहिल्याचं स्वप्न मी अजून कुणाला सांगितलंही नव्हतं.

संदीप त्या दिवशी उशिरा आला, पडलेला चेहरा घेऊन. कामाची काही अडचण निघाली होती, सुट्टी पुढच्या आठवड्यावर गेली. मला रडू आलं. आई मात्र त्यालाच समजावत राहिल्या, "होऊ दे रे, जाऊ सावकाश." ज्या बाईनं महिनाभर माझ्यामागे 'लवकर ने' म्हणून धोशा लावला होता, ती हे बोलत होती. दशहरीची पेटी आली, पिकली, आम्ही आणि नसरीन बाजींनी मिळून संपवली. मला एकही आंबा गोड लागला नाही.

मग रविवारी पुन्हा वर्ध्याहून फोन आला. माईंना रात्रीतून काहीतरी झटका आला होता. जीव वाचला, बोलणंही होतं, पण ओळख पुसली गेली. स्वतःच्या मुलालाही 'तुम्ही कोण' विचारत होत्या.

आम्ही पुढच्या आठवड्यात निघालो. हातावर दही, कुणी 'जातो' म्हणायचं नाही, सगळं यथासांग. नसरीन बाजींनी कुलूप काढून गाठोडं दिलं. "जैसी आपने दी, वैसी ही है," म्हणाल्या. गाठ आईंच्याच हातची होती, ती मी ओळखते. रात्रभर मुलं झोपली, माझ्या सगळ्या ओकारीच्या पिशव्या कोऱ्याच्या कोऱ्या राहिल्या, आणि उजाडताना सिवनीच्या पुढे सागाचं जंगल लागलं. रस्ता ओला होता.

वर्ध्याला पोचायच्या आधी एका ढाब्यावर आईंनी गाठोडं सोडलं. प्रस्थानातले कपडे पोचताना अंगावर असावेत असं त्यांचं म्हणणं. पोपटी साडी, नवा फ्रॉक आणि तो निळा शर्ट. गळ्याशी बटण नव्हतंच. खरं सांगू, ते नाही हे बघून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, जग अजून जागेवर आहे.

माई खाटेवर होत्या, अगदी एवढ्याशा झालेल्या. आईंना बघून परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाल्या, "बसा, बाई." मला हुंदका आवरेना. इतकं प्लॅनिंग, इतका रस्ता, आणि 'बसा, बाई'! आई मात्र शांतपणे त्यांच्या उशाशी बसल्या, हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "रडू नको. आमची भेट झाली गं, गुरुवारीच. पोटभर बोललो."

माईंच्या अंगावरची गोधडी नीट करायला म्हणून मी वाकले, तर तिच्या काठाला एक छोटं पांढरं बटण लावलेलं. गोधडीला बटण?

सुनीता वहिनी म्हणाल्या, "अवो, ते त्याच दिवशीचं. सुई-दोरा मागितला, दिलीपच्या जुन्या शर्टाचं बटन काढून मागितलं. म्हटलं, रमतात तर रमू द्या. गोधडीलेच लावत बसल्या. अन् समोर कोणी उभं असल्यासारखं बोलत होत्या... हालू नको रे बाप्पा, टोचन."

मी ओजसकडे पाहिलं. तो दाराशी होता. कुणी न सांगता आत आला, माईंच्या खाटेला चिकटून उभा राहिला आणि हनुवटी वर केली. मान ताठ, हात पायांशी. माईंनी त्याच्याकडे पाहिलं, ओळख काही दिसली नाही डोळ्यांत. पण त्यांची बोटं गोधडीवरून उठली आणि त्याच्या गळ्याशी, जिथे बटण नव्हतं तिथे, थोडा वेळ चाचपत राहिली.

दिवाळीच्या आत माई गेल्या.

संदीप म्हणतो योगायोग. असेल. मुलांना, आईंना आणि मला एकाच दुपारी सारखं स्वप्न पडू शकतं, विसराळू माणूस काहीही बडबडतं, आणि मुलांच्या शर्टांची बटणं तुटतातच. एकेक गोष्ट घेऊन मी स्वतःला समजावू शकते, सगळी मिळून नाही जमत. स्लाइडवर ठेवायला माझ्याकडे फक्त एक लहान झालेला निळा शर्ट आहे, आणि त्याच्यात बघण्यासारखं काहीच नाही.

पण एक गोष्ट मला सोडत नाही. त्या गाठोड्यात ज्यांचं ज्यांचं काही होतं, त्या सगळ्यांना माई भेटल्या, नावानं ओळखून, रागावून भेटल्या. मी तेवढी दारापर्यंत जाऊन गाडीत बसून राहिले. एखादी ओढणी टाकली असती तर काय बिघडलं असतं माझं?