नाकशेठची साखर

गॅरेजात त्याला सगळे नाकशेठ म्हणत. गाड्यांना रंग मारायचा आणि रंगाचा हात वाळला की नाही ते बोट न लावता नुसत्या वासावर सांगायचा. पंखा लावला तर धूळ चिकटते, म्हणून पंखा बंद. मास्क लावला तर वास येत नाही, म्हणून मास्कही नाही. फुप्फुसं बिचारी फुकट राबत होती.

मग साखर वाढली, रक्तदाब वाढला. जिना चढताना छातीत कुणीतरी पाना आवळायचं. बायकोने निकाल दिला, "चोरून गोड खाताय तुम्ही."

"आईशप्पथ नाही गं!"

"आईंना कशाला मध्ये ओढता? त्यांचा तरी कुठे होता विश्वास तुमच्यावर?"

तिने खिसे तपासले, स्कूटरची डिकी तपासली, मोजेसुद्धा झटकले.

डॉक्टरीणबाईंनी आधी कामाचं विचारलं. "रंगाची वाफ श्वासातून रक्तात उतरते. हृदयावर ताण येतो, साखरही बिघडू शकते. सगळा दोष वाफेचाच नाही, तुमचं पोटही साक्षीला आहेच. गोळ्या घ्या, वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या फिल्टरचा मास्क लावा, पंखा चालू ठेवा."

नाकशेठ खूश. आजार पक्का झाला, पण आरोपातून अर्धा तरी सुटला. त्याने मास्क आणला, गोळ्या चालू केल्या. पंखा मात्र बंदच.

पुढच्या तपासणीत साखर जिथल्या तिथे. बायको थेट गॅरेजात येऊन थडकली, रंगेहाथ पकडायला. गोड काही सापडलं नाही. मास्क सापडला. रंगाच्या खोलीतच खिळ्याला टांगलेला, रात्रंदिवस उघडा. तिने तो नाकाजवळ नेला आणि ठसकलीच.

"अहो, हा तर तुमच्याहून जास्त प्यायलाय!"

त्याने हुंगला. पुन्हा हुंगला. "मला तर काहीच येत नाही."

त्याने मघाशीच 'वाळला' म्हणून सांगितलेल्या गाडीच्या दारावर तिने अंगठा टेकवला. ठसा उमटला, चकचकीत.

छातीपेक्षा तो ठसाच त्याला जास्त लागला. त्या दिवशी त्याने स्वतः उठून पंखा लावला.

आता हात वाळला की नाही, ते तो कडेला चिकटवलेल्या कागदी पट्टीवरच्या रंगाला बोट लावून पाहतो, नवशिक्यासारखा. फिल्टर नवे आहेत. मास्क घरातल्या साखरेच्या डब्यात राहतो, झाकण घट्ट लावून. डबा तसाही रिकामाच होता. साखर जराशी उतरली आहे, जिना अजून थांबत थांबत चढतो.

आणि बायको खिसे अजूनही तपासते. पोटाचा साक्षीपुरावा तिने निकालात काढलेला नाही.