पाठीवरची लव

बाळ हातात आलं की ती आधी डोळे मिटायची. पसरलेल्या पायांवर त्याला पालथं घालायची आणि तळवा कमरेपासून मानेपर्यंत, लवेच्या उलट दिशेनं, हळूहळू वर न्यायची. मग डोळे उघडून स्वतःशीच म्हणायची, "न्हाई. ह्ये न्हवं." आणि लगेच, काही झालंच नाही अशा थाटात, "आना तो गोळा हिकडं. तेल लावा की बाय जरा सढळ हातानं!"

आळेफाट्याला, गॅरेजांच्या मागच्या आमच्या आळीत, कोणाकडेही बाळ आलं की न्हाऊ घालायला या मावशीलाच सांगावा जायचा. तुमच्याही गावात अशी एक बाई असेलच, जिच्यापुढे सासूचं चालत नाही आणि डॉक्टरचंही. नव्या बाळाच्या पाठीवर, खांद्यांवर, कानांच्या पाळ्यांवर जी बारीक मऊ लव असते, ती खरं तर आपोआप गळते. पण तेलात भिजवलेला कणकेचा गोळा फिरवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. त्यात मुलगी असली तर विचारूच नका. पेठेतल्या शेटाणीबाई नातीला दोन्ही वेळा गोळा फिरवा म्हणून मागे लागल्या होत्या. ती म्हणाली, "बाय, लेकरू हाय ह्ये. कढई न्हाई घासायला."

डोळे मिटून ती मंत्र म्हणते, असं सगळ्यांना वाटायचं. एकदा चहा पिताना मी विचारलंच.

"मंतर कसला? माझी पोर हुडकती."

तिचं लग्न नवीन असताना सासरची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. परतीच्या वाटेवर, घाटाखालच्या पालात, सातव्याच महिन्यात ती बाळंत झाली. मुलगी झाली. तापानं हिचे डोळे उघडत नव्हते. कोणीतरी बाळ कुशीत दिलं, हिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तेवढंच. शुद्धीवर आली तेव्हा कूस रिकामी होती. सासूनं बाळाला मातीआड केलं होतं आणि माणसं पाल गुंडाळत होती. जागासुद्धा कोणी दाखवली नाही.

"तोंड न्हाई बगितलं मी तिचं," ती म्हणाली. "हाताला पाठ तेवढी ठावं. लई लव व्हती. डाव्या खांद्याखाली लवेचा भवरा व्हता. यील कदी तरी माघारी."

"मग मुलग्यांना कशाला तपासता, मावशी?" मी चेष्टेत म्हटलं.

"येनारं कुठल्या कापडात यील, काय सांगावं?"

मी हसले. ती हसली नाही.

पुढे माझी लेक बाळंतपणाला आली. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, वीतभर, अंगभर लव. पहिल्या अंघोळीला मावशीनं डोळे मिटले, तळवा वर न्यायला लागली, आणि डाव्या खांद्याखाली तो थांबला. आम्ही दोघी "न्हाई" ऐकायची वाट बघत होतो. लेकीनं गोळा पुढे केला, तो तिनं मनगटानं बाजूला सारला.

"ह्यो नगं हिला."

त्या दिवसापासून ती उजाडताच यायची. पोरीला पालथीच न्हाऊ घालायची. उताणी करायची वेळ आली की मान फिरवून माझ्या हातात द्यायची.

"अहो, बघा तरी, किती गोड हसते," लेक म्हणाली.

"नगं. बगितलं आन् तोंड दुसऱ्याच कुनाचं निगालं, तर?"

लेकीनं त्याचा धसकाच घेतला. "आई, उद्यापासून येऊ नका म्हणून सांग तिला. माझ्या मुलीला न्यायला आल्यासारखी वाटते." भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्या पाठीवर टेकलेला तिचा हात बघितला की सांगणं उद्यावर ढकलायचे.

लव काही कोणाचं ऐकत नाही. ती विरळ व्हायला लागली, तशी मावशी पाणीसुद्धा बेताबेतानं घालू लागली. अंग पुसायची नाही, नुसतं टिपायची. एका सकाळी तळवा कमरेपासून मानेपर्यंत गेला आणि कुठंच थांबला नाही. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा एकदा.

"गेली," ती म्हणाली.

पोरीला दुपट्यात गुंडाळून लेकीच्या मांडीवर ठेवलं, हात धुतले आणि चहा न घेता निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. ती लोणीला भावाकडे राहायला गेली, न्हाऊ घालायचं कायमचं सोडलं, असं मागाहून कळलं. आमच्या आळीत आता मोबाइलवर बघून मालिश करतात. लव जाते, सगळं होतं.

गेल्या महिन्यात स्टँडवर ती मंचरच्या एसटीच्या खिडकीत दिसली. लेक माहेरी आलेली, नात माझ्या कडेवर. मी धावतच खिडकीखाली गेले. "मावशी, बघा तरी कोण आहे!"

या वेळी तिनं मान फिरवली नाही. कपाळ, डोळे, नाक, नुकते आलेले दोन दात, सगळं सावकाश बघून घेतलं. पोरगी तिच्याकडे बघून खुदकन हसली.

"आसं व्हतं व्हय माझ्या पोरीचं तोंड," ती म्हणाली.

नातीला पदराखाली घ्यावं आणि तडक घर गाठावं, असं वाटलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. मावशीची नजर हलत नव्हती. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी पोरीचं तोंड त्या खिडकीकडे धरून उभी राहिले.