लुत्फीची ईद

जेपारा गावात सागवानावर वेलबुट्टी कोरावी तर लुत्फीनंच. मशिदीतला मिंबरही त्याच्याच हातचा. त्यावर चढून लोक दर शुक्रवारी पापपुण्य सांगतात आणि खाली उतरले की कारागिराकडे बघून नाक मुरडतात. याचे हात चालतात, हा चालत नाही. असल्या धार्मिकपणाला काय म्हणावं!

लुत्फीला पुरुष आवडतात हे घरात फुटलं तेव्हा त्याला नुकती मिसरूड आली होती. घरी झाडफूक करणारा आला. त्यानं कुराणातल्या आयती म्हणत म्हणत वेताच्या छडीनं पोराची पाठ सोलून काढली. वडील, हाजी मश्कूर, दार अडवून उभे होते. पाच वेळा नमाज पढणाऱ्या पोरात सैतान शिरला म्हणे!

तेव्हापासून दर ईदला तोच तमाशा. नमाजाहून आलं की मुलं आईवडिलांपुढे गुडघे टेकून वर्षभराची माफी मागतात. मोठेही उलट मागतात, मग सगळे जेवायला बसतात. भावंडांचं "चुकलंमाकलं माफ करा" एवढ्यावर भागे. लुत्फीला मात्र चारचौघांत "माझ्या त्या पापाची" म्हणावं लागे. नाहीतर घराचं दार बंद, आणि त्या दारामागे उमी, त्याची आई होती. म्हणून तो मुकाट्यानं म्हणत आला.

यंदा तो म्हणाला, "आबा, उमीच्या आजारपणात उशिरा आलो, तुमच्यावर आवाज चढवला. माफ करा."

"आणि?"

"आणि काही नाही."

"अरे, म्हणून टाक ना!" मोठी बहीण निसवा कुजबुजली. "रस्सा गार होतोय. दरवर्षी म्हणतोसच की."

"दरवर्षी खोटं बोललो, ताई. महिनाभर रोजे धरून, ऐन ईदला. पाप असेल तर ते आहे." तो आबांकडे वळला. "आता तुम्ही मागा. त्या छडीची."

आबांचा चेहरा लालबुंद झाला. "तुझ्या भल्यासाठी केलं. चालता हो!"

लुत्फी उठला. उंबऱ्याशी आईनं त्याचा हात धरला.

"त्यांना नको बोलूस," उमी म्हणाली. "त्या झाडफूकवाल्याला निरोप मीच धाडला होता. मला माफ कर, बाळा."

ईदच्या दिवशी "माफ केलं" म्हणायला कुणी श्वासभरही थांबत नाही. लुत्फी आईकडे बघत उभा राहिला. आत पानं वाढली गेली, तरी त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.