चित्र आलं का, काशीबाई?

बेटेगावला आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत कृष्णकांतकाका राहतात. टीव्हीच्या छत्र्या बसवतात, म्हणजे डिश. टी-शर्टवर कंपनीचं नाव, पण नोकरी नाही, ठेक्याचं काम. त्यांची आई गेल्यापासून एकटेच. आणि त्यांच्या स्वतःच्या खोलीत टीव्ही नाही. विचारलं तर म्हणतात, "त्याला दोन माणसं लागतात बाय. एक छपरावर, एक टीव्हीसमोर."

खरं तर लागत नाहीत. कंपनीने मीटर दिलाय, तो टूं टूं करत छत्री कुठे वळवायची ते सांगतो. ग्राहकाला कामाला लावायचं नाही, असा नियमच आहे. पण काका मीटर पिशवीत ठेवतात आणि छपरावरून हाक मारतात, "चित्र आलं का?" खालून काय उत्तर आलं ते संध्याकाळी मला सांगतात, आणि मी ते आवाज काढते. बोईसरचे कामगार: "आ गया भैया. चला गया. अरे, अभी तो था." पालघरचे एक साहेब, घसा खाकरून: "अंशतः आलेलं आहे." आणि घिवलीच्या काशीबाई, होडीतल्या माणसाला किनाऱ्यावरून सांगावं तशा: "आयलं रं पोरा, आयलं, आता हात नको लावू, बघ."

काशीबाईंचा काढला की काका हसायचे आणि म्हणायचे, "परत काढ. शेवटचं 'बघ' जरा लांबव."

काशीबाईही एकट्याच. लेक मेघाली विरारला. तिने आईच्या फोनमध्ये नंबर घालून दिलेत: एक दाबलं की कंपनी, दोन दाबलं की मेघाली. "दोन दाबला तं कोण उचलीत नाय," त्या काकांना म्हणाल्या, "एक दाबला का ती बाय लगेच बोलते." ती बाय म्हणजे कॉल सेंटरवाली: "आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." त्यावर काशीबाई, "नाय गो, गैरसोय कसली, पोराला धाड."

एका महिन्यात दोनदा धाडलं. दुसऱ्या वेळी काकांना छत्रीच्या काठावर ताजा ओरखडा दिसला. चिकू काढायचा बांबू खाली भिंतीला टेकलेला होता. काकांनी छत्री वळवून दिली आणि चहा पिऊन आले.

मग सुपरवायझर भावेशचा फोन. "कृष्णकांतभाई, एकाच घरची दोनदा तक्रार. तिसरी आली की आयडी बंद. मी नाही करत, सिस्टीम करते."

आयडी बंद म्हणजे काम बंद. स्वतःचा नंबर ग्राहकाला दिला तरी बंद. ऑर्डरशिवाय छत्रीला हात लावताना कुणी पाहून कळवलं तरी बंद. म्हणजे काशीबाईंना काकांना बोलवायची एकच वाट उरली, तक्रार. आणि तीच काकांच्या पोटावर येणारी.

काका दुसऱ्या दिवशी जाऊन दारातूनच म्हणाले, "मावशी, बांबू नका लावू आता. तिसरी तक्रार आली की माझं काम जाईल. ऑर्डरशिवाय आलो तरी जाईल."

काशीबाई म्हणाल्या, "मना वाटला, तक्रार केली का तुला काम मिलतं."

त्यानंतर दोन महिने घिवलीची ऑर्डर नाही. काका मला आवाज काढायला सांगायचे, ऐकून घ्यायचे, हसायचे नाहीत.

गेल्या आठवड्यात तारापूरचं काम उरकून ते घिवलीवरून आले. काशीबाईंची छत्री समुद्राकडे तोंड करून लोंबत होती. खाऱ्या वाऱ्याने खांबच गंजून वाकलेला. आत काशीबाई काळ्या टीव्हीसमोर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"कधीपासून?"

"झाले दीस. आपली आपणच पडली, बांबू नाय लावला."

"मग तक्रार का नाही केली?"

"तिसरी व्हती ना ती."

कंपनीला पत्ता लागू नये म्हणून काकांनी फोन बंद केला आणि छपरावर चढले. वाकलेला खांब तारेने आवळला, छत्री वळवली. मीटर पिशवीतच. "चित्र आलं का?"

उत्तर नाही. थोडी वळवून परत विचारलं. तरी नाही.

मग काशीबाई ओट्यावर आल्या. आळीत दोन्हीकडे बघून घेतलं, कुणी नव्हतं. वर पाहून त्यांनी नुसती होकाराची मान हलवली.

आयडी अजून चालू आहे. काकांनी हे सगळं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी काय काढणार? मान हलवण्याला आवाज नसतो.