मेजरनी बंद केलेला टीव्ही

म्हसवडकडे बोकडाचा भाव रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरतो. वडील दूर फौजेत, घरचे सौदे माझ्याकडे, त्यामुळे ती विद्या मी दहाव्या वर्षीच शिकलो. एका रविवारी सकाळी गावातले एक निवृत्त फौजी आमचं बोकड घ्यायला आले. त्यांना सगळे मेजर म्हणत. मी त्यांची बोटं सोडलीच नाहीत. शेवटी त्यांना माझाच भाव द्यावा लागला.

दुपारी त्यांच्याच घरी उडणाऱ्या सुपरहिरोची मालिका बघायला गेलो. गावात रंगीत टीव्ही तेवढाच. एरवी सुपरहिरो ऐनवेळी येऊन सगळ्यांना वाचवायचा. त्या दिवशी उशिरा पोचला. मारल्या गेलेल्या एका पहारेकऱ्याला त्याच्या अंगणात आणून ठेवलं होतं, वर पांढरी चादर. त्याचा पोरगा धावत आला, चादरीला हात घातला आणि मेजरनी उठून टीव्ही बंद केला. घरी जा म्हणाले.

बोकडाचा राग टीव्हीवर काढला, असं मी त्यांच्या दारातच मोठ्यानं बोललो. पुन्हा त्या घराची पायरी चढलो नाही. पुढं स्वतःचे टेम्पो झाले, तरी रस्त्यात मेजर दिसले की मान वळवायचो.

परवा सांगलीत टेम्पो दुरुस्तीला टाकला होता. गॅरेजच्या बाकड्यावर बसून फोनवर तो भाग शोधून काढला. पोरगा चादर काढतो. बापाचा चेहरा बराच वेळ दिसत राहतो. मग पोरगा सुपरहिरोच्या छातीवर बुक्क्या मारतो, आणि तो नुसता उभा. पोरांच्या मालिकेत असलं दाखवतात?

तेव्हा आठवलं. त्या दिवसांत वडिलांचं पत्र दोन महिने आलं नव्हतं. दिवाळीला ते सुखरूप आले, म्हणून मी ते सारं विसरून गेलो होतो.

तिथूनच मेजरना फोन लावला.

"आवं मेजर, त्या दिवशी टीव्ही बोकडावरनं बंद केलता का?"

ते खोकत हसले. "बोकड लय झाक हुतं रं. तू पार पुढं बसलावतास. तुझ्या बापाचं पत्र आलं न्हवतं, ते ठावं हुतं मला."

मग इतकी वर्षं गप्प का बसलात, म्हणून मी त्यांच्यावरच चिडलो.

"तू कवा इचारलंस?" ते म्हणाले.

या खेपेला मी त्यांचाच भाव मान्य केला. फोन ठेवला तेव्हा फार हलकं वाटलं. रविवारी वडिलांना घेऊन त्यांच्याकडे जातोय.