हळदीवरचा संशय

तानुबाईचा कुणावर म्हणून भरवसा नव्हता. परक्यानं आणलेला पाला ती मेंढरांनाही घालू देत नसे. मग लेकीच्या, समीक्षाच्या, कपाळापासून ओठापर्यंत कातडी ओढल्यासारखी कडक झाली, घासापुरतंही तोंड उघडेना, तेव्हा तिनं मनाशी खूणगाठच बांधली. लेकीच्या लग्नात आपल्या जावेनं लावलेल्या हळदीतच काहीतरी होतं! त्या दिवसापासून तिनं जावेशी बोलणं टाकलं.

शेवटी इस्लामपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा कणभर तुकडा तपासून घेतला. "हा कातडी घट्ट होत जाण्याचा आजार आहे. गोळ्या, मलम आणि तोंडाचे व्यायाम सुरू करू. लग्नाआधीचा फोटो आहे का?"

समीक्षानं मोबाइलमध्ये साखरपुड्याचा फोटो दाखवला. कपाळावर कातडी ओढल्याची बारीक रेघ त्यातही दिसत होती.

"म्हणजे हळदीच्या आधीच सुरुवात झाली होती," बाई म्हणाल्या. "यात कुणाचाच दोष नाही."

तानुबाई उखडली. "दोष न्हाई कसा? मग साखरपुड्याला हिच्या तोंडात पेढा कुणी घातला हुता, ते बघा की!"

समीक्षानं फोटो मोठा केला. पेढा भरवणाऱ्या हातावर तानुबाईचंच गोंदण होतं.